गिरीशंकर जहाजाची घंटा

मी एका जहाजाची घंटा बोलते आहे. जहाज आता उरलेले नाही. त्याचे लोखंड केव्हाच वितळून गेले. त्यामुळे त्याच्या वतीनेही मलाच बोलावे लागते. जे माझ्यासमोर घडले तेवढेच सांगेन.

एकोणीसशे बेचाळीस साली ब्रिटनमधल्या एका कारखान्यात मला ओतले. आम्ही चौघी बहिणी, कारण त्या जातीची जहाजे चारच बांधली गेली. लढाई जिंकणे हे त्यांचे काम नव्हते. धान्य आणि तेल नेणाऱ्या व्यापारी जहाजांच्या सोबतीने चालायचे आणि त्यांना सुखरूप पोहोचवायचे, एवढेच. चौघींनाही पाणपक्ष्यांची नावे होती. माझ्या अंगावर कोरले गेले 'ग्रीनशँक', हिरवट पायांचा एक पक्षी. दोन बहिणी समुद्राच्या तळाशी गेल्या. मी का वाचले हे मला ठाऊक नाही. वाचले याबद्दल मात्र कृतज्ञ आहे.

ब्रिटिश आरमारात एक प्रथा होती. नाविकाला मूल झाले की घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरत, त्या पाण्याने बाळाचा नामकरणविधी करत आणि नाव घंटेच्या आतल्या बाजूला कोरत. माझ्यात अशी पाच नावे होती.

जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले, तेव्हा काही कोकणी आगवाले बॉयलरच्या कामावर चढले. त्यांत रत्नागिरीकडचा तौकीर होता. 'ग्रीनशँक' हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. आठवड्याभरात त्यांनी आमचे नाव 'गिरीशंकर' करून टाकले.

चव्वेचाळीस साली तौकीरला पत्र आले की मुलगी झाली, नाव हमीदा. तो थेट कोरणाऱ्यासमोर उभा राहिला. त्याने सांगितले की पाणी वगैरे नको, आमच्यात ते चालत नाही. नुसते नाव घाला. कोरणारा हसला आणि त्याने सहावे नाव घातले. चार महिन्यांनी बॉयलरपाशी वाफेचा नळ फुटला. तौकीरला समुद्रात निरोप दिला, तेव्हा मलाच वाजवले होते.

युद्धानंतर जहाज काही वर्षे आखातात फिरले आणि मग मोडीत निघाले. मी बहरीनमधल्या मनामा शहरातल्या, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात आले. तिथे ताहिर नावाचा कारकून गेली बावीस वर्षे दर गुरुवारी मला पुसत असे. बाहेरून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आत बघायला त्याला काही कारण नव्हते.

यंदा दुकान बंद झाले. मालकाने मला शहराच्या सीफ भागातल्या पुतण्याच्या कॉफीच्या दुकानासाठी देऊ केले. त्याआधी शनिवारी सकाळी मला यंत्रावर आतून-बाहेरून घासून चकचकीत करायचे ठरले. पॉलिशचा कारखाना शुक्रवारी बंद, म्हणून ताहिरने मला उम्म अल हस्सम भागातल्या आपल्या घरी आणले. घरात त्याची मुलगी सुमय्या होती, आणि व्हिजिट व्हिसावर आलेली त्याची आई. ब्याऐंशी वर्षांची. दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसणारी.

जुम्म्याचे जेवण चालले होते. माझ्यावर काय लिहिले आहे असे सुमय्याने विचारले आणि ताहिरने नाव वाचले.

म्हातारीचा हात ताटातच थांबला. "काय वाचलंस? परत सांग."

"ग्रीनशँक, अम्मा. इंग्रजी नाव आहे."

"गिरीशंकर," ती म्हणाली.

मग मायलेकांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. तौकीरने गावी धाडलेल्या पत्रात हेच नाव होते: गिरीशंकर जहाजाच्या घंटेत पोरीचे नाव कोरले आहे. पत्र हरवले, बोलणे तेवढे राहिले. ताहिरने तरुणपणी मुंबईच्या गोदीत चौकशी केली होती, पण गिरीशंकर नावाचे जहाज कुठल्याच यादीत नव्हते. गावातले लोक हसून म्हणत की जहाजच नव्हते तर नाव कसले; पोर झाल्याचे बापाला कळलेसुद्धा नसेल. हमीदाने ते ऐंशी वर्षे ऐकले होते.

तिने हात धुतला आणि माझ्या आत घातला. बोटे एकेका नावावरून सरकू लागली. तिला इंग्रजी अक्षरे येत नव्हती. सुमय्या जमिनीवर आडवी झाली आणि मोबाइलचा दिवा लावून वाचू लागली. मार्गारेट. जॉन. मग तिचा आवाज बारीक झाला.

"दादी, तुझं बोट आहे ना, बरोबर त्याच्या खाली."

"काय आहे?"

"हमीदा."

म्हातारीने त्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग म्हातारी ताहिरला म्हणाली, "बावीस वर्षं पुसलीस रे बाबा. एकदा तरी वाकायचंस."

ताहिरने मालकाला फोन लावला. मालकाने सगळे ऐकले आणि मला आईसोबत गावी पाठवायला सांगितले. हमीदाने मात्र मान हलवली. "बापाला कळलं होतं, एवढंच मला हवं होतं. गावी नेऊन काय करू? फक्त आतून घासू नका म्हणावं."

पुढच्या शुक्रवारी ती रत्नागिरीला परतली. आज मी सीफमध्ये, कॉफीच्या दुकानाच्या दाराशी टांगलेली आहे. बाहेरून चकचकीत, आतून काळवंडलेली. मी इतकी खाली का, असे गिऱ्हाइके विचारतात. जाण्याआधी हमीदाला एकदा उभ्याने हात घालता यावा, म्हणून ताहिरने तिच्या खांद्याची उंची मोजून मला तिथे लावले.

कधी इकडे आलात, तर मला वाजवले नाही तरी चालेल. थोडे वाका.