नऊ नंबरची कणसं

१९८६ साली मी एकतीस वर्षांची होते, आणि सिराबुगू गावातलं माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. शेती संशोधन केंद्राने मला तिथे ज्वारीचे वाण पारखायला पाठवलं होतं. गावातल्या न्गोलो आजोबांच्या शेतात बारा वाफे होते, प्रत्येकावर नंबराची पाटी. अकरा वाण केंद्राचे. नववा माझा. माझ्या आईच्या माहेरची उंच ज्वारी आणि केंद्राची बुटकी, या दोघींच्या संकरातून सहा वर्षं निवडत निवडत मी तो इथवर आणला होता. त्या हंगामात तो वजनात पहिल्या चारांत आला तरच पुढे पेरायचा, नाहीतर यादीतून काढून टाकायचा, असं वरून ठरलं होतं.

मी राहायची न्गोलो आजोबांच्या बायकोच्या, तेनिन मावशीच्या अंगणातल्या खोलीत. मी पट्टी घेऊन ज्वारीच्या ताटांची उंची मोजायला निघाले की ती म्हणायची, "काल मोजलीस ना ग? एका रात्रीत काय आभाळाला लागणार आहेत?"

कापणीआधी दहा दिवस मला हिवतापाने गाठलं. अंथरुणावरूनच मी बायकांना बजावलं, "वाफ्यांतलं एकही कणीस खायला तोडायचं नाही हं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्याकडे ताटं आधी आडवी पाडतात, मग खाली बसून कणसं कापतात. मी काठी टेकत शेतात पोचले तेव्हा सगळं आडवं झालेलं होतं, कुठल्या ताटाला काय होतं ते कळत नव्हतं. केंद्राचे प्रमुख कुलिबाली साहेब वजनकाटा घेऊन आले होते. मी कैता घराण्यातली. कैता आणि कुलिबाली या घराण्यांनी एकमेकांना थट्टेने चवळीखाऊ म्हणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यातून साहेबांचीही सुटका नाही.

"काय ग चवळीखाऊ, ताप आला की चवळ्या बाधल्या?"

"तुमच्या घरी जेवले होते ना, साहेब."

वजनं सुरू झाली. सर्वांत जास्त भरलं अकरा किलो. नऊ नंबर भरला साडेपाच. शेवटचा.

साहेबांची थट्टा थांबली. "सितान," ते हळूच म्हणाले, "काट्यापुढे माझं काही चालणार नाही."

मी तडक तेनिन मावशीच्या स्वयंपाकघरात गेले. ती ज्वारीच्या पिठाचा घाटा हाटत होती. तिच्यासमोर रडू नये म्हणून मी मान वर केली, तर चुलीवर, कीड लागू नये म्हणून धुरात, बियाण्याची कणसं टांगलेली. जुनी काळवंडलेली, आणि त्यांत आठ ताजी. वाकलेली मान, लाल बोंडातून अर्धा बाहेर आलेला दाणा, हुबेहूब माझ्या नऊ नंबरची.

"मावशी, ही कुठली?"

"बियाण्याची."

"कुठल्या वाफ्यातली?"

तिचा हात थांबला. "खायला तोडू नका म्हणालीस. आम्ही खाल्ली का?"

तेव्हा मला उलगडलं. उभ्या पिकातली चांगली कणसं बियाण्यासाठी निवडून न्यायची, मग शेत कुणाचंही असो, हा आमच्या बायकांचा रिवाज. त्याला तोडणं कुणी म्हणतच नाही. माझी आई हेच करायची, आणि मी शिकलेली बाई ते साफ विसरले होते.

"आम्ही म्हणजे? आणखी कोण?"

"कोण नाही ते विचार."

सतरा घरं निघाली. सतरा बायका आपापली जुडी छातीशी धरून गोरखचिंचेखाली उभ्या राहिल्या. साहेबांनी एकेक जुडी काट्याला लावली. नऊ नंबरचं वजन पावणेदहा किलोवर गेलं. तिसरा!

पण साहेबांनी लगेच लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "बाकीच्या अकरा वाफ्यांतलं एखादं कणीस कुणी नेलंय का?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेनिन मावशी म्हणाली, "ते चवळीखाऊंसाठी ठेवलंय, साहेब."

सगळ्यांत जोरात हसले ते कुलिबाली साहेब. डोळे पुसत त्यांनी वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं : 'बायकांनी बियाण्याला नेलेली कणसं'. नऊ नंबरपुढे एकशे त्रेचाळीस. इतरांपुढे अकरा शून्यं.

"झालं ना वजन?" मावशीने हात पुढे केला. "द्या आता आमचं बियाणं."

न्गोलो आजोबा पुढच्या पेरणीआधी गेले. त्यांची मुलं तेच शेत करतात. कुलिबाली साहेब निवृत्त होऊन सेगूला राहिले आणि तिथेच वारले. त्यांनी आखलेला रकाना केंद्राच्या छापील तक्त्यात अजून आहे. तेनिन मावशी खूप जगली. तिच्या मयताला आलेल्या तीन गावच्या लोकांना नऊ नंबरचाच घाटा वाढला होता. केंद्राच्या यादीत त्या वाणाला भलंमोठं नाव आहे, पण गावोगावच्या बायका त्याला 'तेनिनची' म्हणतात. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मी आता सिकासोला लेकाकडे असते. स्वयंपाक गॅसवर होतो आणि गॅसला धूर नसतो. म्हणून मागच्या अंगणात मी एक चूल मांडली आहे. तिच्यावर आठ कणसं टांगलेली आहेत.