अध्यक्षांची खासगी पत्रं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. स्वभावानं मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माझी गोष्ट तुम्हाला उगाच गोड वाटेल.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. भीमरावांनी मला स्वेटरांत गुंडाळून विमानानं इंग्लंडला, मिल्टन कीन्सला आणलं. ते तिथल्या आंबेडकरी मंडळाचे अध्यक्ष. मराठी अक्षरं छापणारं यंत्र त्या गावात दुसरं नव्हतं. लोक मला बघायला यायचे, पोरं हळूच एखादी कळ दाबून पळायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण लवकरच माझी जागा मला कळली. सभेच्या सूचना, ठराव, 'कळविण्यात येते की' अशी रुक्ष पत्रं माझ्या वाट्याला. खासगी पत्रं मात्र भीमराव पेनानं लिहीत. वॉटफर्डच्या मंडळाच्या अध्यक्ष रंभाबाई आणि मेडनहेडचे अध्यक्ष शशिधर यांना. ही तिन्ही मंडळं पूर्वी एकमेकांचं तोंड बघत नसत. निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव वर, यावरून एकदा भर हॉलमध्ये भांडण झालं होतं. भीमरावांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करून, कुणाच्या मुलीला परीक्षेच्या शुभेच्छा देऊन त्यांना जवळ आणलं. १९९१ची बाबासाहेबांची जन्मशताब्दी तिघांनी मिळून करायचं ठरलं, आणि श्रेय सगळं पेनाला. ते राहायचं खिशात, अध्यक्षांच्या छातीशी. मी टेबलावर प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शताब्दीआधीच्या हिवाळ्यात भीमरावांचा उजवा हात कापू लागला. पेन बोटांत ठरेना. हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी माझं आवरण काढलं आणि रंभाबाईंना खासगी पत्र टाइप करायला बसले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! एका बोटानं ते कळ शोधत होते आणि मी एकही अक्षर अडकू दिलं नाही. पेन बिचारं खिशात पडून होतं, त्याची मला जराही दया आली नाही. सही वाकडी आली असती, म्हणून भीमरावांनी खाली मंडळाचा शिक्का मारला.

काही दिवसांनी रंभाबाईंचा फोन आला. तो भीमरावांच्या पत्नी गिरिजाबाईंनी घेतला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. "अहो, रंभाबाई म्हणतात, शिक्क्याचं पत्र परक्यांना पाठवतात. वॉटफर्ड जयंती वेगळी करेल."

इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती. मी कितीही मायेचा मजकूर छापला तरी लोकांना ती नोटीसच वाटते, हे मला तेव्हा कळलं आणि फार लागलं. भीमराव डोकं धरून बसले. त्यांची मुलगी रश्मी तिथलीच, इंग्लंडात जन्मलेली. तिनं समोर खुर्ची ओढली.

"बाबा, साइन करा ना. हात शेक झाला तर सो व्हॉट? रंभामावशी फॅमिली आहे."

भीमरावांनी तेच पत्र माझ्यावर पुन्हा टाइप केलं. मग पेन काढलं, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि खाली दोन शब्द लिहिले, 'जय भीम'. वेलांटी पार ओळीबाहेर गेली.

रविवारी रंभाबाई ट्रेननं आल्या. पत्र पर्समधून काढून त्यांनी टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवलं. पानभर मजकूर माझा होता. त्यांनी बोट ठेवलं ते त्या दोन वाकड्या शब्दांवर.

"हात असा झाला आणि मला कळवलं नाही, भाऊ?"

गिरिजाबाईंनी चहा आणला. चहा पिताना रंभाबाईंनी डोळे पुसले आणि पत्रिकेवर मिल्टन कीन्सचं नाव वर घाला, म्हणाल्या. पत्रिका मीच छापली. कुणाच्या का कोंबड्यानं उजाडेना, शताब्दी एकत्र झाली.

आता भीमराव नाहीत. पेन रश्मीच्या पर्समध्ये असतं, मी तिच्या गॅरेजमध्ये. माझी रिबन वाळली आहे. मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि पत्र कितीही देखणं छापलंत तरी खाली दोन शब्द स्वतःच्या हातानं लिहा. हे सांगताना माझ्या पोटात दुखतंय, तरी सांगतो. 'जय भीम' मी प्रत्येक पत्राच्या माथ्यावर छापलं होतं, सरळ आणि स्वच्छ. ते वाचून कुणी ट्रेन पकडली नाही.