चौऱ्याण्णवचा आकडा

दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात तीस वर्षं घालवलेल्या काटेसाहेबांनी (हे नाव बाजारानेच ठेवलेलं) निवृत्तीनंतर कोणाची मापं काढायची? त्यांनी इंटरनेट कंपनीला धरलं. जाहिरातीत वेग तीनशे, घरात मोजला की चौऱ्याण्णव. वायफायवर वेग घटतो म्हणून त्यांनी लॅपटॉपला थेट वायर जोडून मोजला, तरी चौऱ्याण्णवच. बायको म्हणाली, सगळं नीट चालतंय, कशाला कोणाच्या हात धुऊन मागे लागता? पण साहेब इरेला पेटले होते.

कंपनीची जोडणीवाली बाई आली. वायर हातात घेऊन म्हणाली, ही जुनी आहे, शंभरच्या पुढे जातच नाही, बदलून बघू या. साहेबांना ते झोंबलं. जन्मभर लोकांच्या मापांतली खोट काढली, आणि ही त्यांचंच माप खोटं म्हणते? त्यांनी तिला वाटेला लावलं आणि कंपनीला सुवाच्य अक्षरात तीन पत्रं लिहिली, की बाई कामचुकार आहे, दोष ग्राहकावर ढकलते.

महिन्याभराने ती पुन्हा आली. तिने पिशवीतली स्वतःची वायर जोडली. आकडा चढत चढत दोनशे अठ्ठ्याण्णववर थांबला. साहेबांनी आपली वायर लावून पाहिली. चौऱ्याण्णव.

त्यांचे कान तापले. नोकरीत रोज सकाळी ते आधी स्वतःजवळची वजनं तपासत, मगच दुकानाची पायरी चढत. ही वायर मात्र अडगळीच्या खोक्यातून काढून त्यांनी नुसती धूळ झटकली होती.

"तुम्ही सांगितलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "मी कंपनीला कळवतो."

"कळवा," जुनी वायर गुंडाळून त्यांच्या हातात देत ती म्हणाली. "पण आज माझा शेवटचा दिवस आहे, काका. तुमची पत्रं वरपर्यंत गेली."

स्वतःची वायर तिने तशीच जोडलेली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको आत वळली.

दुसऱ्या दिवशी साहेब कंपनीच्या ऑफिसात गेले. नाव ऐकताच मॅनेजरने उठून खुर्ची दिली, फायलीतली तीन पत्रं काढून सगळ्या टेबलांना दाखवली आणि म्हणाला, तक्रार लिहावी तर अशी. माणसं कौतुकाने वळून बघू लागली. साहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी जुनी वायर त्या पत्रांवर ठेवली आणि खिशातून चौथं पत्र काढलं.

"कामचुकार मी होतो," ते म्हणाले. "बाईंना परत बोलवा."

मॅनेजरने पत्र मनातल्या मनात वाचलं. तिच्या जागी माणूस घेतलाय, बघू, म्हणाला, आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवू लागला.

साहेबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, सगळ्या टेबलांकडे तोंड केलं आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला घेतलं.