चौथी पायरी

फळ्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. वजनाखाली तुळई कशी वाकते, हे सव्वीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना एका दमात सांगत आलोय. सूत्र सिद्ध करताना तिसऱ्या पायरीनंतर ‘हे उघडच आहे’ म्हणायचं आणि थेट पाचवी लिहायची. खरं सांगायचं तर चौथी मलाही येत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंगळवारी हजेरीचे कागद झेरॉक्स करायला कॉलेजसमोरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या गठ्ठ्यावर माझ्या विषयाचं नाव दिसलं.

“हे काय?”

“तुमचीच लेक्चरं, सर,” दुकानदार म्हणाला. “अकरा वर्षांपूर्वीच्या एका मुलीची वही. शब्दन् शब्द उतरवलाय. दर वर्षी अख्खा वर्ग नेतो.”

मी पानं चाळली. माझे विनोदसुद्धा होते, पुढे कंसात ‘हसणे’ लिहून. मला जरा गंमतच वाटली. मग तिसरी पायरी आली. शेजारी समासात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘इथे काही विचारू नये. सर चारचौघांत अपमान करतात.’

ती मला लगेच आठवली. पहिल्या बाकावर बसायची. तिनं चौथी पायरी विचारली तेव्हा मी म्हणालो होतो, “डोकं घरी विसरून आलीस का?” वर्ग खो खो हसला होता. दुसऱ्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर. मला येत नव्हतं, म्हणून मी तिला मूर्ख ठरवलं होतं. लाजेनं माझे कान तापले.

“किती प्रती काढू, सर?” दुकानदार दुसऱ्यांदा विचारत होता.

दोन दिवस डोकेफोड करून ती पायरी सोडवली. शुक्रवारी फळ्यावर लिहिली आणि वर्गाला सांगितलं, “ही मला आजवर येत नव्हती. ज्यांनी विचारलं, त्यांनाच मी टाकून बोललो. चूक माझी होती. आता विचारा, काहीही विचारा.”

साठ माना खाली गेल्या. मी थांबलो. वर्गात एवढा वेळ गप्प मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीपाशी गेलो. “तुला काही अडलंय का गं?”

“नाही सर, सगळं कळलं,” ती घाईघाईनं म्हणाली, आणि समोरच्या झेरॉक्सचा समास तिनं तळहातानं झाकला.