सहावं पान

“साहेब, ह्या नव्या स्टँडवर बायकांनी लघवीला कुठं जायचं?”

स्वप्नालीनं विचारलं आणि शाळेच्या हॉलमधली चाळीस सरकारी माणसं एकदम चहाच्या कपात बघायला लागली. मैत्रिणींनी पैज लावली होती खरी, पण प्रश्न काही गमतीचा नव्हता. वाड्या-वस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या पोरी वडवणीच्या स्टँडवर दोन-दोन तास एसटीची वाट बघायच्या. तिथं आडोसा म्हणून नव्हता, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. वर्गातली अपेक्षा तर त्यापायी पंधरा दिवस तापानं फणफणली, आणि तिच्या बापानं आता शाळा बंद म्हणून सांगून टाकलं होतं.

साल दोन हजार एक. सरकार आता स्वतः काही बांधणार नव्हतं. खासगी माणसानं बांधायचं, तीस वर्षं वापरायचं, मग परत करायचं, असं नवं शास्त्र निघालं होतं. ते शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. पंचायत समितीचा हॉल गळत होता, म्हणून दोन दिवसांचं प्रशिक्षण शाळेत. दहावीच्या पोरींनी स्वागतगीत म्हणायचं, चहा फिरवायचा आणि मागं गप बसायचं. पुढच्या रांगेत स्वप्नालीचे वडील, बांधकाम खात्यातले कारकून गुंडप्पा शेटे, मान डोलवत बसले होते. शिकता शिकता वडवणीच्या स्टँडच्या कराराचा खराखुरा मसुदाच त्यांना करायचा होता.

“चांगला प्रश्न आहे,” पुण्याचे साहेब म्हणाले. “सगळ्या सार्वजनिक सोयी तुमच्या हातातल्या कराराच्या नमुन्यात दिल्या आहेत. पान सहा.”

नमुन्याचे गठ्ठे स्वप्नालीनंच टाचले होते.

“सहावं पान न्हाईच, साहेब. पाचनंतर सात हाय.”

हॉलभर पानं फडफडली. एक, तीन, पाच, सात. मूळ कागद दोन्ही अंगांनी छापलेला, झेरॉक्सवाल्यानं एकच अंग काढलेलं. दोन दिवस चाळीस जणांनी अर्धाच नमुना वाचला होता. पान संपताना वाक्य मधेच तुटायचं, पुढच्या पानावर भलतंच सुरू व्हायचं, तरी “समजलं ना?” म्हटलं की “हो, साहेब.”

“पोरी, तू चहाचं बघ,” गुंडप्पांचे वरिष्ठ अर्जुनराव म्हणाले. सगळे हसले. हसण्यात सुटका होती. गुंडप्पांनी मात्र मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

रविवारी सकाळी वडिलांच्या पिशवीतला मसुदा काढून स्वप्नाली उंबऱ्यात वाचत बसली. बावीस गाळे, एक लॉज आणि एकशेवीस मोटारींसाठी जागा.

“अप्पा, वडवणीत मोटारी किती हायत?”

“नमुन्यात होतं तेच लिवलं.”

“आन् मुतारी?”

“नमुन्यात नव्हती.”

“सहाव्या पानावर होती.”

“सहावं पान आमाला मिळालंच न्हाई ना, बाई.” गुंडप्पा असे बोलले, जणू पावसाबद्दल बोलत होते.

“मग आता एक ओळ घाला.”

“काल अर्जुनरावांची सही झाली. उद्या कागद बीडला चालला. सही झाल्यावर मी कोन ओळ घालणारा? कुठंतरी लांब बदली करतेल माझी.”

आतून तिच्या आईचा, महानंदाबाईंचा आवाज आला, “जाऊ दे की गं. आमी न्हाई का कळ काढली जन्मभर? मेलो का?”

“कावून काढायची, आई?” स्वप्नाली म्हणाली. “एकदा करार झाला की तीस वर्षं त्यात हात घालता येत न्हाई, साहेबांनीच सांगितलं. तवा मी पंचेचाळीस वर्षांची असंल. माझ्या लेकीलाबी हेच सांगू का, पाणी पिऊ नको म्हणून?”

तिनं मसुदा नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि दप्तरातून वहीचा एक कागद काढला.

“उद्या सकाळच्या गाडीनं मी बीडला जाणार. विचारत न्हाई, सांगायले. करार व्हायच्या आधी कुणीबी हरकत घेऊ शकतं, हे तिसऱ्या पानावर हाय, तेवढं तरी झेरॉक्समधी आलंय. अर्ज लिहून तयार हाय. खाली माझं पूर्ण नाव घातलंय, स्वप्नाली गुंडप्पा शेटे. मधी तुमचं नाव येतंय, अप्पा, त्याला माझा इलाज न्हाई.”