टेंपररी माणूस

अंबडच्या कंपन्यांत कोणाला इंग्रजी येवो न येवो, दोन शब्द येतातच. परमनंट म्हणजे ज्याला कंपनीचे बूट मिळतात, कँटीनचं जेवण मिळतं आणि पोरगी मिळते. टेंपररी म्हणजे बाकीचे सगळे.

बहिरूनं डिक्शनरीत बघितलं होतं, तिथं नुसतंच 'तात्पुरता' लिहिलं होतं. तो तर सहा वर्षं एकाच लेथ मशीनवर उभा होता. पण दर सात महिन्यांनी कंपनी ब्रेक द्यायची. नाव कापायचं, थोडे दिवस घरी बसवायचं, मग नवा म्हणून परत घ्यायचं. सलग काम दिसलं की माणूस परमनंटचा हक्क सांगतो, म्हणून.

पिंपळगावच्या साधनाला बघायला गेले तेव्हा झुंबरमामानं बैठकीत ठोकून दिलं, "भाचा परमनंट हाय." बहिरूनं पोह्यांच्या बशीत मान घातली. चहा देताना साधनानं हळूच विचारलं, "खोलीवर एकटेच राहता? मग बोलता कोणाशी?"

असं त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तो पुढं ढकलत राहिला. सुपारीच्या आधी सांगू, असं मनाशी म्हणाला. तेवढ्यात ब्रेक लागला.

आणि नेमके त्याच आठवड्यात साधनाचे वडील, सावळीराम, चौकशीला आले. आधी कंपनीच्या गेटवर गेले, मग पत्ता विचारत खोलीवर.

"वॉचमन म्हणला, या नावाचं माणूसच नाय इथं."

"ब्रेक चालू आहे माझा. परत घेतील."

"म्हंजी टेंपररी."

"हो. मी तिथंच सांगायला पाहिजे होतं, दादा."

सावळीरामांनी चहा बशीत ओतला. "मोठीला परमनंट बघूनच दिली व्हती. कंपनीलाच टाळं लागलं. जावई आता माझ्या वट्यावर बसून बिड्या ओढतो."

बहिरूला जरा धीर आला. "मग माझ्यात नि त्यांच्यात फरक काय?"

"हाय ना. तव्हा लोकांनी इचारलं तं मला सांगता आलं. तुझं काय सांगू? सात महिने हाय, मग नाय, मग परत हाय?"

"साधना काय म्हणते?"

"तिला कोण इचारतंय." ते उठले. "पोरगा वाईट नायस तू."

बहिरू त्यांना स्टॉपपर्यंत सोडायला गेला. रस्ताभर दोघं द्राक्षांच्या भावाबद्दल बोलले. बस आली, ते चढले, त्यांनी मागं बघितलं नाही.

ब्रेकमध्ये तो नेहमी निफाडकडं गावी जायचा. आता तिथं मामा विचारणार होता, काय झालं म्हणून. शेजारच्या खोल्यांना कुलुपं होती, सगळे शिफ्टला गेलेले. त्यानं चपला काढल्या, परत घातल्या, आणि उंबऱ्यातच बसला.