पारशिवनीचं चॅनेल

नागपूरच्या धरमपेठेतल्या लॅबचा सर्व्हर रीस्टार्ट झाला की तालुक्यातल्या सेंटरांची चॅनेल हातानं सुरू करायचं काम ऑपरेटर उत्तराकडे असे. एकेका सेंटरच्या नावानं कमांड द्यायची, की तिथले रक्ततपासणीचे रिपोर्ट इकडे यायला लागायचे आणि इथून डॉक्टरांकडे जायचे. त्या सकाळी अकरा चॅनेल लागली. पारशिवनीचं मात्र लागायचं राहिलं. ते बंद पडलेलं नव्हतं, कुणीतरी मुद्दाम थांबवलेलं दिसत होतं. तिकडे चौतीस रिपोर्ट अडकले होते.

"काहून थांबली वं?" मॅनेजर गणपतराव मागे येऊन उभे राहिले. "डॉक्टरांचे फोन येऊन राहिले. एका ओळीची तर कमांड आहे."

उत्तरानं ती ओळ टाइपही केली. पण एंटर दाबवेना. ज्यानं थांबवलं त्याला काही कारण असेलच ना? आदल्या पाळीच्या नोंदींत तर एक अक्षर नव्हतं. तिनं सरळ पारशिवनीला फोन लावला.

"सुरू नको करू वं माय!" तिथल्या टेक्निशियन यमुताई जवळजवळ ओरडल्याच. "मीच काल बंद कराले सांगतलं. मशीनमधले नमुन्यांचे नंबर एकानं सरकले. याचा रिपोर्ट त्याच्या नावावर जाऊन राहिला."

उत्तरानं टाइप केलेली ओळ पुसली. तिनं गणपतरावांकडे पाहिलं.

"सर, पारशिवनीच्या रिपोर्टांची नावं बदललीत. सगळे तपासायला दोन तास लागतील."

"डॉक्टरांना काय सांगू मी?"

"उशीर होतोय म्हणून सांगा. चुकीचं पाठवण्यापेक्षा बरं."

गणपतराव स्वतःच फोन करायला बसले.

यमुताई रजिस्टरमधून एकेक नाव वाचत नमुन्यांशी ताडून पाहत राहिल्या. उत्तरानं अडकलेले चुकीचे रिपोर्ट काढून टाकले. नवे तयार झाल्यावर तिनं कमांड दिली. चॅनेल लागलं, आकडा चौतिसावरून उतरत शून्यावर आला.

दुपारी यमुताईंचा फोन आला. एका गरोदर बाईचं हिमोग्लोबिन धोकादायक, अवघं साडेपाच होतं आणि अडकलेल्या रिपोर्टांत तो आकडा एका म्हाताऱ्याच्या नावावर पडला होता. बाईला आता नागपूरला आणत होते.

उत्तरानं त्या दिवसाच्या नोंदीत चॅनेल का थांबलं होतं ते सविस्तर लिहिलं. लिहिताना तिला आठवत राहिलं, की याआधी कितीतरी वेळा आपण न विचारताच एंटर दाबलं होतं.